बोअर चालू असताना घेतलेला पाठ

केजच्या बसस्टँडपासून थोडं पुढं आमचं दुकान आहे. पाणबुडी मोटारी, पाइप, केबल, स्टार्टर असा सगळा माल. लहानपणी शाळा सुटली की मी घरी न जाता दुकानात जायची. घरी गेलं की आई कामाला लावायची, आणि दुकानात अप्पा, म्हणजे माझे वडील, नुसतं बसू द्यायचे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. मोटार घ्यायची म्हणजे आधी बोअर किती फुटांचा, पाणी कुठं लागलं, खाली काय लागलं, हे सगळं बोलणं व्हायचं. कुणी म्हणायचा, वर नुसता मुरूम आणि मग एकदम काळा पाषाण. कुणी म्हणायचा, मध्येच गेरूसारखं लाल आलं आणि मशीनवाल्यानं तोंड वाकडं केलं. मी पाइपांच्या बंडलावर बसून ऐकायची. आपल्या पायाखाली एवढं काय काय आहे आणि ते कुणी पाहिलेलं नाही, ह्याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं.

बारावीनंतर मी भूविज्ञान घेतलं ते बहुधा त्यामुळेच. आमच्या घरात दुकानाबाहेरचं शिक्षण म्हणजे कॉमर्स, नाहीतर फार्मसी. अप्पांनी फक्त एकदा विचारलं, "दगडाचं शिकून पुढं काय करणार, माय?" मी म्हटलं, सर्वेक्षणाच्या खात्यात नोकरी लागते. ते ऐकून त्यांचं समाधान झालं, माझंही झालं.

पदवी झाली, पदव्युत्तर झालं. त्या खात्याच्या परीक्षा दिल्या आणि नोकरी काही लागली नाही. मी दुकानात बिलं करायला बसू लागले. तेव्हा आईनं बीएडचं काढलं. तिच्या डोक्यात मुलीच्या लग्नाला बीएड बरं पडतं एवढंच होतं, आणि तिनं ते लपवूनही ठेवलं नाही. मी विद्यापीठाचा अर्ज भरला तो दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. शिक्षक व्हायचं असं मी कधी ठरवलेलं नव्हतं. जमिनीखालचं बघायचं सोडून आता चाळीस पोरांपुढं उभं राहायचं, ह्या विचारानं मला थोडं हसू यायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात आम्हाला भूगोल अध्यापन शिकवायला एक सर होते. उंच, सावळे, पन्नाशीच्या पुढचे. बोलायचे कमी आणि बोलताना खिडकीबाहेर बघायचे. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला विचारलं, काय शिकून आलात. मी भूविज्ञान म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. मग म्हणाले की शाळेत ह्या नावाचा विषयच नाही. थोडा भूगोलात आहे, थोडा विज्ञानात आहे, थोडा पर्यावरणात आहे. "तुम्हाला तो आधी गोळा करावा लागेल," असं म्हणून ते पुढच्याकडे वळले. मला ते वाक्य तेव्हा थोडं लागलं होतं.

वसतिगृहात माझ्या खोलीत दिंद्रुडची एक मुलगी होती. तिचा विषय इतिहास. तिचं घर शेतकऱ्याचं, चांगली मोठी बागायत. काका गावचे माजी सरपंच, त्यामुळं घरात सतत माणसांचा राबता. दहा माणसांत बसून बोलायची तिला लहानपणापासून सवय. ती वर्गात गेली की फळ्याकडे न जाता सरळ पोरांच्या बाकांत शिरायची. मी मात्र टेबलामागून हलायची नाही.

बीएडच्या पहिल्या महिन्यांत सूक्ष्म अध्यापन असतं. म्हणजे आपल्याच वर्गातले सोबती विद्यार्थी होऊन बसतात आणि आपण त्यांना पाच-सात मिनिटं शिकवायचं. एका दिवशी फक्त प्रश्न विचारायचं कौशल्य, एका दिवशी फक्त फलकलेखन, असं तुकड्यातुकड्यानं. मी पाठ टाचण लिहायची तेव्हा एक एक वाक्य लिहायची आणि ते तोंडपाठ करायची. "विद्यार्थी मित्रहो, आज आपण खडकांचे प्रकार अभ्यासणार आहोत." असं सुरू केलं की शेवटपर्यंत न थांबता जायचं. माझ्या पहिल्या पाठानंतर सरांनी विचारलं, "तुम्ही अकरा गोष्टी सांगितल्यात. त्यातली यांनी विचारली होती अशी कोणती?" मी आठवून पाहिलं. एकही नव्हती.

त्या रात्री खोलीत मी माझ्या मैत्रिणीला मांजरा धरणाच्या बाजूची जमीन कशी झाली, ते चादरीला घड्या घालून दाखवत होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रूमवर लई भारी सांगतीस बघ तू. अन् वर्गात गेलीस की आकाशवाणी लागतीय. कावून अशी बोलतीस तिथं?"

मी म्हटलं, तिथं शुद्ध बोलावं लागतं.

"शुद्ध बोल की. पण तूच बोल," ती म्हणाली आणि दिवा बंद करून झोपली. तिला असं पटकन झोपता यायचं.

दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवायला, मी युसूफ वडगावची शाळा मागून घेतली. केजहून रोज जाऊन-येऊन करता येत होतं. सकाळी स्टँडवरून काळीपिवळी जीप मिळायची. माणसं भरल्याशिवाय ती हलायची नाही, त्यामुळं मी घरून लवकर निघायची. वडगाव मोठं गाव. बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीपर्यंत भाजीवाले यायचे. शाळेला लांब व्हरांडा, पुढं मोकळं अंगण, कोपऱ्यात चिंचेचं झाड. मुख्याध्यापक भला माणूस, पण काळजी करणारा. पोरं अंगणात जोरात पळाली तरी त्यांना पुढचं दिसायचं. आम्हाला ते आदरानं "मॅडम" म्हणायचे आणि मग हळूच विचारायचे की चहा घेतला का.

मला नववीचा भूगोल मिळाला. पहिला मोठा धडा ज्वालामुखीचा. मी मनापासून तयारी केली. पुठ्ठ्याचा आणि कागदाच्या लगद्याचा डोंगर केला, रंगवला, त्याच्या तोंडात डबी बसवली, तिच्यात खाण्याचा सोडा, लाल रंग आणि वरून व्हिनेगार. फेस उसळून खाली आला तेव्हा पोरांनी बाकं बडवली. शेजारच्या वर्गातली पोरं दारात आली. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काल आपण काय पाहिलं. एकानं उत्साहानं सांगितलं, "मॅडमनी डोंगरातून फेस काढला." मग मी विचारलं, ज्वालामुखी कुठं असतात. जपान, इटली, इंडोनेशिया, सगळं बरोबर आलं. आपल्याकडं? आपल्याकडं न्हाई, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. ज्या जमिनीवर ती बसली होती ती अख्खी लाव्ह्याची, आणि मी त्यांना पुठ्ठ्याचा डोंगर दाखवून ते झाकून टाकलं होतं. आपल्याकडं असा टोकदार डोंगर फुटलाच नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला, एका थरावर दुसरा. मी हे पाच वर्षं शिकले होते. पण शाळेत ज्वालामुखी म्हटलं की सगळे डोंगर करतात, म्हणून मीही केला.

मग मी दगड आणले. बालाघाटच्या उतारावरचे, नदीकाठचे, आमच्या दुकानामागचे. वर्गात फिरवले. पोरांनी हातात घेतले, उलटसुलट केले आणि परत दिले. "असले आमच्या बांधावर लई हायत," एक मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. ती खरंच बोलत होती. रोज पायाला लागणाऱ्या वस्तूकडं नवलानं कसं बघायचं, हे मला सांगता येत नव्हतं.

ह्या सगळ्यात माझ्या शेवटच्या पाठाचा दिवस जवळ आला. हा पाठ बघायला विद्यापीठातून सर येणार होते आणि त्याचे गुण धरले जाणार होते. विषय मीच निवडला होता, दख्खनच्या पठाराची निर्मिती. तीन तक्ते काढले, टाचण चार वेळा लिहिलं. त्या सकाळी आईनं देवघरातली विभूती माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाली, सावकाश बोल.

वडगावात जीपमधून उतरून शाळेकडं वळले तर अंगणात बोअरची गाडी उभी होती.

शाळेचा हातपंप उन्हाळ्यात कोरडा पडायचा, म्हणून अंगणात नवा बोअर घ्यायचं गावानं बऱ्याच दिवसांपासून ठरवलं होतं. मशीन कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पलीकडच्या गावात आलेली गाडी जाता जाता इकडं वळली होती. एक मशीनची आणि एक रॉडची, अशा दोन अवजड गाड्या. कामगार दक्षिणेकडचे, लुंगी लावलेले, आपसांत त्यांच्या भाषेत बोलणारे आणि आपल्याशी तुटक हिंदीत. चिंचेजवळ चुन्यानं खूण केलेली होती. गावातले दोन-तीन पुढारी खुर्च्या टाकून बसले होते. उदबत्ती लागली, नारळ फुटला, आणि मशीन सुरू झालं.

ज्यांनी बोअरचं मशीन जवळून ऐकलेलं नाही त्यांना तो आवाज सांगणं अवघड आहे. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त ओठ हललेले दिसतात. मुख्याध्यापक हातवारे करत माझ्याकडं आले आणि मला कार्यालयात घेऊन गेले. दार लावल्यावर म्हणाले की आज मुलांना सोडून देतो, तुमच्या सरांना पुढची तारीख मागू. तेवढ्यात सर आले. केजपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपच्या मागच्या सीटवर, त्यामुळं त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा रंग बदलला होता. मुख्याध्यापकांनी त्यांना सगळं सांगितलं, पाणी दिलं, माफीही मागितली. सर पाणी प्यायले आणि त्यांनी मला विचारलं, "मग, तुमचं काय म्हणणं?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. मशीनच्या बुडाशी पहिली भुकटी येऊन पडली होती. काळी. काळ्या मातीचीच. मग ती पिवळट झाली. मुरूम लागला होता. लहानपणापासून दुकानात जे नुसतं ऐकलं, ते माझ्यासमोर वीस हातांवर जमिनीतून वर येत होतं.

"सर, मी पाठ घेते. पण बाहेर," मी म्हटलं.

मुख्याध्यापक दचकले. त्यांची भीती बरोबर होती. मशीनजवळ मुलं म्हणजे जीव टांगणीला. मी त्यांना सांगितलं की मुलं व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसतील, वारा पाठीमागून येतोय त्यामुळं धूळ तिकडं जाणार नाही, नाकाला सगळ्यांचे रुमाल असतील, आणि एकही मूल पायरी उतरणार नाही. त्यांनी मग स्वतः एक दोरी आणली आणि व्हरांड्याच्या खांबांना बांधली. पाठ संपेपर्यंत ते त्या दोरीजवळून हलले नाहीत.

बोअरचा एक रॉड वीस फुटांचा असतो. तो पूर्ण खाली गेला की मशीन थांबवतात, वर दुसरा रॉड जोडतात आणि पुन्हा सुरू करतात. त्या दोन-तीन मिनिटांत शांतता असते. मी शिपाईमामांना विनंती केली की दर रॉडला बुडाशी पडलेली भुकटी घमेल्यात घेऊन या, मशीन थांबलेलं असतानाच. भुकटी ठेवायची कशात, हा प्रश्न आला तेव्हा मी खिचडीची स्टीलची ताटं मागितली. स्वयंपाकाच्या मावशी नाराज झाल्या. नंतर तुम्हीच घासून द्यायची, ह्या अटीवर त्यांनी ताटं दिली.

नववीची पोरं रुमाल बांधून ओळीनं बसली. सर शेवटी एका खांबाला टेकून, मांडीवर मूल्यमापनाचा कागद ठेवून. पहिलं ताट आलं, आधीच पडलेल्या ढिगातल्या काळ्या मातीचं. दुसरं मुरमाचं. मग राखाडी. पुन्हा राखाडी. मशीन थांबलं की मी बोलायची आणि सुरू झालं की मध्येच तोंड बंद. माझं टाचण आत टेबलावर होतं. त्यातलं पहिलंच वाक्य बोलायला अख्खी एक शांतता गेली असती, म्हणून मी ते सोडून दिलं. एवढ्या थोड्या वेळात काय बोलायचं? मी एवढंच म्हणत होते, बघा, हात लावा, आधीच्या ताटापेक्षा वेगळं काय हाय?

"गार लागायलंय," एक पोरगा म्हणाला.

"ह्याच्यात चमचम हाय," दुसरा.

पुढचं ताट घेऊन मामा आले तेव्हा ते स्वतःच ताटात बघत बघत आले. भुकटी लाल होती. विटेसारखी लाल. राखाडी ताटांच्या ओळीत ते ताट ठेवलं आणि पोरं गुडघ्यांवर उभी राहिली. दगड बांधावर लई हायत म्हणालेली मुलगी सगळ्यांत पुढं होती. तिनं ताटात बोट घातलं, बोटाकडं पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ही लाल माती मधीच कशी काय आली? वर बी दगूड, खाली बी दगूड."

वर्षभरात वर्गातून मला आलेला हा पहिला खरा प्रश्न. उत्तर माझ्या ओठांवर होतं. एका लाव्ह्याचा थर पसरला, थंड झाला, मग खूप खूप वर्षं काहीच झालं नाही, ऊनपावसानं त्याची माती झाली, आणि मग तिच्यावर दुसरा लाव्हा आला. मी तोंड उघडलं आणि मशीन सुरू झालं.

मी तशीच उभी राहिले. पोरं माझ्याकडं बघत होती, मी त्यांच्याकडं. काही करता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं बघणं सोडलं आणि एकमेकांच्या कानांत ओरडायला सुरुवात केली. कुणी लाल भुकटी चिमटीत घेऊन मुरमाच्या ताटाशी नेऊन बघितली. कुणी ती तळहातावर थुंकीनं भिजवून तिची गोळी केली. एकजण मशीनच्या रॉडकडं बोट दाखवून मान हलवत होता, रॉडचा गंज असेल असं त्याचं म्हणणं. दुसऱ्यानं पहिल्या ताटांकडं हात करून त्याला गप्प केलं. त्यांत गंज का आला नाही मग. हे सगळं मला ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला तास आहे आणि त्यातला बराचसा वेळ मी एक शब्दही बोललेली नाही.

मशीन थांबलं तेव्हा ती मुलगी तयारच होती. तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला जायचे, ती सुट्टीत त्यांच्यासोबत असायची, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "भाजली आसंल. आमच्या भट्टीवर काळी माती भाजली की अशीच लाल होती."

"पण भाजली कशानं?" मी विचारलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "वरून लाव्हा आला आसंल."

"मग खाली आधी माती कुठून आली?"

"आधीच्या लाव्ह्याची झाली आसंल. आमच्या वावरात मुरमाची होती तशी."

मी सरांकडं पाहिलं नाही. मला फक्त एक भर घालायची होती, की नुसत्या भाजण्यानं नाही, तर ऊन, पाऊस आणि हवा लागून दगडातलं लोखंड गंजतं, त्यानंही माती लाल होते. त्यावर गंज म्हणणारा पोरगा ताठ बसला. "म्हंजी गंज होताच की," तो म्हणाला. सगळे हसले आणि मीही हसले. होताच, मी म्हटलं, फक्त रॉडचा नव्हता.

"मग एवढी माती होती तर तिच्यात पेरत काय होते?" एकानं विचारलं. तेव्हा माणूस नव्हता, बैल नव्हता, आपण खातो त्यातलं काही नव्हतं, एवढं मी सांगेपर्यंत पुन्हा मशीन सुरू झालं. त्यानं रुमाल खाली ओढला, आणि मग कोण होतं, हे विचारणारे त्याचे ओठ मला स्पष्ट दिसले.

पुढच्या शांततेत आम्ही तेही, डायनासोरांचंही, बोललो. आणि त्याच्या पुढच्या एका रॉडला भुकटी ओली आली. मग चिखल, मग एकदम पांढुरका फवारा वर उडाला. खुर्च्यांवरचे पुढारी उठून मागं पळाले. दोरीच्या आतली पोरं ओरडत होती, पण एकही बाहेर गेलं नाही. मुख्याध्यापक दोन्ही हात पसरून उभे होते आणि त्यांचा चष्मा भिजला होता. पाणी फार नव्हतं, दीड इंची धार, असं मशीनवाले म्हणाले. शाळेपुरतं होतं.

गडबड ओसरल्यावर सर आणि मी कार्यालयात चहा प्यायलो. मी कधी टाचणाची भाषा सोडून आमच्या केजच्या बोलीत शिरले होते, ते मला कळलंच नव्हतं. आता आठवत होतं आणि भीती वाटत होती. सरांनी कागद पुढं ठेवला. प्रश्नकौशल्याला भरभरून दिलं होतं. फलकलेखनाच्या रकान्यात शून्य नव्हतं, पण जवळपास तेवढंच. "फळा वापरलाच नाहीत, मी काय करू," ते म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे.

मग ते नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो मुलीचा प्रश्न आला ना, तेव्हा मशीन सुरू झालं नसतं तर तुम्ही उत्तर देऊन टाकलं असतं."

"हो सर."

"पुढं प्रत्येक शाळेत काही मशीन असणार नाही. तुम्हालाच थांबावं लागेल."

मी मान हलवली. कप खाली ठेवत ते म्हणाले, की त्यांनी इतकी वर्षं पठाराची निर्मिती शिकवली, पण लाल थर हातात घेऊन पाहिला नव्हता. निघताना त्यांनी एका कागदाच्या पुडीत ती भुकटी बांधून घेतली. मी त्यांना जीपपर्यंत सोडलं आणि परत येऊन ताटं घासली. स्वयंपाकाच्या मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटची दोन त्यांनीच घासली, माझं घासणं त्यांना पसंत पडलं नाही म्हणून.

घरी गेल्यावर अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मुरूम किती, पाषाण किती, लाल कुठं लागलं, पाणी कुठं, असं दुकानात विचारतात तसंच सगळं विचारलं. आईनं फक्त विचारलं की सावकाश बोललीस का. मी म्हटलं, मशीननंच सावकाश बोलायला लावलं.

बीएड झालं, पात्रता परीक्षा झाली, आणि मग भरतीची वाट बघण्यात बराच काळ गेला. त्या काळात मी पुन्हा दुकानात बसले, पण आता मनात खंत नव्हती. मला काय करायचंय ते पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकं बोअरचं बोलू लागली की मी खोदून खोदून विचारायची, आणि त्यातल्या काहींनी मला पुड्या बांधून भुकट्या आणूनही दिल्या.

नोकरी लागली ती दिंद्रुडला. माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणीला आधीच तिच्या गावच्या शाळेत इतिहासाची जागा मिळाली होती, आणि भूगोलाची जागा निघाल्याचं तिनंच मला फोन करून सांगितलं. आता मी आठवड्याचे दिवस दिंद्रुडलाच खोली करून राहते आणि शनिवारी धारूरच्या घाटातून केजला येते. लग्नाचं आईच्या मनासारखं झालं, जरा उशिरा आणि माझ्या पसंतीनं. नवरा केजमध्येच असतो. शनिवारी स्टँडवर घ्यायला येतो तेव्हा माझी पिशवी उचलून बघतो आणि आज दगड आहेत की कपडे, ते वजनावरून सांगतो.

शिकवणं मला आवडतं. सगळे दिवस चांगले जात नाहीत. काही वर्गांत मी अजून घाई करते, काही प्रश्नांना मला उत्तरच येत नाही, आणि ते आलं नाही तर मी तसं सांगून टाकते. ऊसतोडीच्या हंगामात वर्ग अर्धा होतो. पोरं कारखान्यांकडं गेलेली असतात, तेव्हा उरलेल्यांना मी नवीन काही मोठं शिकवत नाही. गेलेली पोरं परत आली की त्यांना विचारते, तिकडची माती कशी होती, तिथं विहिरीत काय दिसत होतं. त्यांनी पाहिलेलं असतं. आणि सांगायला लागली की थांबत नाहीत.

मधल्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण एकाच डब्यातून जेवतो. तिची ज्वारीची भाकरी, माझी शेंगदाण्याची चटणी. गेल्या आठवड्यात तिनं शिवाराच्या कडेला सापडलेला एक कोरीव दगड पोरांना दाखवला, कुठल्याशा मोडलेल्या देवळाचा असावा. डबा उघडता उघडता ती मोठ्या अभिमानानं मला सांगत होती की हा दगड सातआठशे वर्षांचा जुना आहे.

मी म्हटलं, "कोरलाय सातआठशे वर्षांपूर्वी. दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांचा हाय."

तिनं घास तोंडाशी नेता नेता थांबून माझ्याकडं पाहिलं. "तुला काय बी सांगायची सोय न्हाई बघ," ती म्हणाली आणि माझ्या पुढ्यातली चटणी ओढून घेतली.